मेंढरं बसवली ते दिवस

जत तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेत मी गेली अकरा वर्षं आहे. चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, दोन शिक्षक. त्यातले दुसरे गुरुजी मीटिंगांना जातात, म्हणजे बहुतेक दिवस मी एकटीच. माझं घर वाळवा तालुक्यात, इस्लामपूरपासून बरंच आत, मळ्यात. घरी नवरा, सासूबाई आणि आठवीतली मुलगी. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी एसटी धरते, सांगलीत उतरून दुसरी पकडते आणि दिवस मावळायच्या आत घरी पोचते. सोमवारी पहाटे परत. बदलीचा अर्ज दर वेळी भरते. आता त्याचं काही वाटेनासं झालंय, असं मी लोकांना सांगते. ते खोटं आहे.

मुलगी तीन वर्षांची होती तेव्हा मी तिला इकडे आणलं होतं. टँकरचं पाणी तिला सोसलं नाही, दोन महिन्यांत तीनदा तापली. सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे तिला हितं. दूधदुभतं हाय, मानसं हायती. तू एकली कुटं कुटं बगशील?" मीही हो म्हटलं. मला वाटलं होतं, एखाद्या वर्षाचा प्रश्न आहे.

मी राहते ती खोली एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरामागे आहे. घरात ते कानडी बोलतात. संध्याकाळी म्हातारी दारातून डोकावते आणि "ऊटा आय्ता?" म्हणजे जेवलीस का, असं विचारते. मी "आय्तु" म्हणते. कधी कधी जेवलेली नसले तरी म्हणते, कारण नाही म्हटलं तर ती भाकरी घेऊन येणार, आणि मग समोर बसून जेवताना आपण काय बोलायचं हे दोघींनाही कळत नाही. मी एकटी जेवते ते घरून उतरवून आणलेलं काही तरी मोबाइलवर लावून, तो तांब्याला टेकवून ठेवून. त्यावर बोलणारं कोण आहे याच्याकडे लक्षही नसतं, घरात आवाज असला म्हणजे झालं.

दिवाळी झाली की वस्तीवरची निम्मी घरं रिकामी होतात. मेंढरं घेऊन माणसं पाण्याच्या मुलखात उतरतात, कृष्णेकाठी, वारणेकाठी. ऊस निघालेल्या रानात मेंढरं बसवली की लेंड्या-मुताचं खत होतं, म्हणून बागायतदार त्यांना बोलावतात आणि धान्य देतात. मोठ्यांबरोबर पोरंही जातात. जूनमध्ये परत येतात तेव्हा निम्मं विसरलेली असतात, आणि काही जण वर्गात परत येतच नाहीत.

दोन वर्षांमागे चौथीत एक मुलगी होती. मेंढपाळाचीच. वाचायला बसली की तिला हलवून उठवावं लागायचं. आई पहाटेच मेंढरांमागे जायची, म्हणून ही केस विस्कटलेले घेऊनच शाळेत यायची. मग प्रार्थनेआधी मी तिला पुढ्यात बसवून वेणी घालायची आणि ती पाढे म्हणायची. दिवाळीनंतर तीही जाणार होती. अशी शाळा सोडून गेली असती तर पाचवीला तिला कुणी घातलंच नसतं. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी हमी कार्ड असतं, ते दाखवून कुठल्याही गावच्या शाळेत बसता येतं. पण यांचा मुक्काम आठ दिवस या शिवारात, आठ दिवस त्या शिवारात. कार्ड दाखवायचं ते कुठे?

माझ्या डोक्यात आलं आणि मी नवऱ्याला फोन लावला. "खोडवा मोडून उसाचं रान रिकामं झालंय ना? यंदा मेंढरं बसवूया की आपल्यात."

तो हसला. "बसवू की. पर तुला कवापासनं शेतीची काळजी लागली?"

मी खरं कारण सांगितलं. त्याने आजूबाजूच्या चार मळेकऱ्यांशी बोलून घेतलं. आधी दहा-बारा दिवस आमच्या रानात, मग शेजाऱ्यांच्या, असं करून दीड-दोन महिने तो कळप एकाच गावात राहणार असं ठरलं. माझी ती विद्यार्थिनी आमच्या गावच्या शाळेत जाऊ लागली. शिक्षकांच्या केंद्र बैठकीत माझं कौतुक झालं, टाळ्या वाजल्या. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? बऱ्याच दिवसांत माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

वस्तीवर रेंज येते ती शाळेच्या ओट्याच्या एका कोपऱ्यावर. संध्याकाळी सातला मी तिथे उभी राहून घरी फोन करायची. माझ्या मुलीशी माझं बोलणं म्हणजे प्रश्नपत्रिकाच असायची. जेवलीस का, गृहपाठ झाला का, आजीला त्रास देत नाहीस ना. तिचं उत्तर, हो, हो, नाही. पूर्ण गुण देऊन मी फोन ठेवायची. पण मेंढरं आमच्या रानात आल्यापासून संध्याकाळी ती मेंढपाळाची पोरगी आमच्याच घरी, पुढच्या सोप्यात असायची. दोघींची गट्टी जमली होती. फोन तिच्याकडे गेला की ती सुटायचीच. "बाई, तुमच्या घरात दोन मांजरं हायती, एक काणं हाय." "बाई, ताईला कारलं आवडत न्हाई, ती गपचिप कुत्र्याला घालती." माझी मुलगी कारलं खात नाही हे मला माहीत नव्हतं. मी ओट्यावर एकटीच हसायची. हळूहळू निम्म्याहून जास्त फोन तिच्याशीच होऊ लागला. आज काय शिकवलं, बाकावर कुणाशेजारी बसलीस, पाढे म्हणून दाखव.

मेंढरं आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात सासूबाई नणंदेच्या दुसऱ्या बाळंतपणाला मलकापूरला गेल्या. आमचा उरलेला ऊस तोडणीला आला होता, नवरा दिवसभर फडावर. घरी माझी मुलगी एकटीच.

सोमवारी संध्याकाळी मी फोन केला. त्या दिवशी गावच्या शाळेत चाचणी होती आणि माझ्या विद्यार्थिनीला ती कशी गेली हे मला कधी एकदा कळेल असं झालं होतं. माझ्या मुलीने फोन उचलला. म्हणाली, "आई, ऐक ना."

मी म्हटलं, "हो, आधी तिला दे जरा, रेंज जाईल."

तिने दिला. चाचणी चांगली गेली होती. दहापैकी नऊ. मी शाबास म्हटलं, कुठलं चुकलं ते विचारलं, आणि रेंज गेली. दुसऱ्या दिवशी टॉवरच बंद पडला, तो दोन दिवस. गुरुवारी फोन लागला तेव्हा मी विचारलं, "सोमवारी काय म्हणत होतीस गं?" ती म्हणाली, "काही नाही." मी ते खरं धरलं.

शनिवारी घरी पोचले. मुलीने चहा केला. तिने चहा करून दिला याचं मला कौतुक वाटलं आणि मी तसं म्हटलंही. ती जरा गप्प होती, पण आजी नाही म्हणून असेल.

रविवारी सकाळी मी मागच्या रानात गेले, माझ्या विद्यार्थिनीची वही बघायला. मेंढरं अजून वाघरीत, म्हणजे त्यांच्या जाळीच्या कुंपणात होती. तिची आई पालापुढे चुलीजवळ भाकरी थापत होती. मला बघून तिने पोतं झटकून बसायला टाकलं. पोरीची चौकशी झाली. मग ती भाकरी उलटत म्हणाली, "ताईचं आता पोट दुकायचं ऱ्हायलं न्हवं?"

मला वाटलं, काही बाधलं असेल. "का? काय झालं होतं?"

तिचा हात थांबला. "आवं बाई, तुमाला ठावं न्हाई व्हय? पोरगी शाणी झाली की तुमची. सोमवारी."

 तीच सांगत राहिली. "दिवस बुडाय आला तवा ह्या पालात आली पळत. लय भ्याली हुती. रडत हुती, मला काय तरी झालंय, दवाखान्यात न्या म्हनत हुती. मी जवळ घेतली. धुतलेलं लुगडं फाडून दिलं, कसं घ्याचं त्ये दावलं. शेळीचं दूद गूळ घालून पाजलं. नारळ न्हवता माज्यापाशी, मूठभर जोंधळं घातलं वटीत, कुकू लावलं. पैलं न्हान हाय, कोरं कसं जाऊ द्याचं? मग म्हनली, आईला फोनवर सांगते. म्हनून म्या आपली गप बसले."

आणि मग मला बरं वाटावं म्हणून हसून म्हणाली, "तुमी माज्या पोरीची येणी घालता, म्या तुमच्या पोरीची वटी भरली. फिटंफाट झाली की."

त्या बाईचे पाय धरावेत असं मला वाटलं, आणि त्याच क्षणी मला तिचा इतका हेवा वाटला की तिथे बसवेना. माझ्या लेकीची पहिली ओटी मेंढरांच्या शेजारी, जोंधळ्यांनी, दुसरीच कुणी तरी भरली होती. आणि मी त्या वेळी सव्वाशे किलोमीटरवर ओट्याच्या कोपऱ्यात उभी राहून दहापैकी नऊ ऐकत होते. "आई, ऐक ना." ती सांगायलाच आली होती. मीच तिच्या हातातून फोन काढून घेतला होता.

वही न बघताच मी उठले. इस्लामपूरला जाऊन मेडिकलमधून पॅडची पाकिटं आणली, उगाच चार आणली. नारळ घेतला, एक झंपराचं कापडही घेतलं. घरी आले, मुलीला खोलीत बोलावलं, दार लोटलं आणि तिला समजावून सांगायला लागले. कशामुळे होतं, किती दिवस, काय जपायचं, घाबरायचं कसं नसतं. मी चांगली शिक्षिका आहे, क्रमाने सांगते. ती पलंगावर पाय हलवत ऐकून घेत होती. वर्गात हुशार मुलं बाई थांबायची वाट बघतात, तशी.

मी थांबल्यावर म्हणाली, "आई, मला येतं आता. काकूंनी दाखवलंय."

मी पाकीट पलंगावर ठेवलं. मग न राहवून विचारलं, "मला का नाही सांगितलंस गं? गुरुवारी मी विचारलं होतं की."

"फोनवर कसं सांगायचं? त्या दिवशी बाबा होते सोप्यात." ती पुढे म्हणाली, "तू शनिवारी येणारच होतीस. मी वाट बघत होते. पण शनिवारपर्यंत संपलं."

रागावून म्हणाली असती तर मी समजूत काढली असती. रडली असती तर जवळ घेतलं असतं. तिने ते साधंच सांगितलं, मला वाईट वाटू नये म्हणून जरा हसलीसुद्धा, आणि गॅसवर दूध ठेवलंय, उतू जाईल, म्हणून उठून आत गेली.