सागवानी डब्यातला व्हिडिओ गेम

दुरुस्तीच्या दुकानात वस्तूंपेक्षा बोलणी जास्त साचतात. वस्तू कधी ना कधी मालक घेऊन जातो. बोललेलं मात्र परत न्यायला कोणी येत नाही. आमच्या आदिलाबादच्या दुकानात एका व्हिडिओ गेमवरून जे साचलं, ते आता काउंटरखाली मावत नाही, म्हणून सांगते.

दुकान काकांचं. टीव्ही, मिक्सी, पंखे, सगळं दुरुस्त होतं. माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री आहे, म्हणून काकांनी मला मोबाईल रीचार्जच्या काउंटरवर बसवलं. दुरुस्तीचं टेबल त्यांचं. मागितलं की म्हणायचे, "पुस्तक वाचून सोल्डर चिकटत नाई."

एके दिवशी गुडीहत्नूरचे एक रिटायर्ड गुरुजी टीव्हीला जोडायचा जुना व्हिडिओ गेम ठेवून गेले. सोबत गेमची एक कॅसेट. म्हणाले, पोरगा बंगलोरला, आता कोण खेळतं, तुम्हीच ठेवा!

मी म्हटलं, ह्याला स्क्रीन आणि बॅटरी लावून हातात धरून खेळता येईल असा बनवते.

"मोबाईलवर गेम नाईत का?" काका.

"आहेत."

"मंग?"

"मंग काही नाही. बनवायचा आहे."

काकांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "चालू झाला तर टेबल तुह्यं. नाई झाला तर गप काउंटरवर बसायचं. डिग्रीचं नाव नाई काढायचं."

मी हो म्हटलं. गेम एकच होता. जळला तर दुसरा मिळणार नव्हता.

* * *

गाडी मागे घेताना ड्रायव्हरला मागचं दाखवतो, तो छोटा स्क्रीन मला हवा होता. हायवेवरच्या कार ॲक्सेसरीजच्या दुकानात गेले. काका सोबत. मुलगी एकटी स्क्रीन आणायला कशी जाईल!

दुकानदाराने विचारलं, "कौनसी गाडी है?"

"गाडी नहीं है."

"तो रिवर्स में देखना क्या है?"

"इसका फ्यूचर," काका मागून म्हणाले.

* * *

डब्यासाठी शेजारच्या नारायणमामांकडे गेले. मामा सागवानाचे देव्हारे करतात. दुसरं काही करत नाहीत. मी मापं टाकून, स्क्रीनसाठी खिडकी दाखवून चित्र दिलं.

"खिडकीचं तोंड कुठं ठेवू?"

"मामा, हातात धरायचं आहे. जिकडे वळू तिकडे."

"असं कसं? पूर्वेले ठेवतो."

चार दिवसांनी डबा आला. मापं अचूक. वर मात्र नक्षीदार शिखर, आणि त्याला घंटी अडकवायची कडी!

शिखर मी करवतीने कापलं. पण त्याआधीच काकूने हळदकुंकू वाहिलं होतं. त्या आठवड्यात काउंटरवरचा डबा पाहून तिघांनी माझ्यापुढे चपला काढून रीचार्ज केला.

* * *

काकांच्या पिढीला एक शास्त्र पक्कं माहीत आहे. कॅसेट चालली नाही तर तिच्यात फुंकर मारायची. मी बजावलं, फुंकरीने ओल शिरते, गंज चढतो, हात लावू नका.

जेवून परत आले तर कॅसेट लाल!

"काका, तोंडात पान होतं?"

"होतं. पण एकाच गालात."

सगळी दुपार मी टूथब्रश आणि स्पिरिट घेऊन बसले. काका मधून मधून विचारत होते, "निघून राह्यलं का?"

* * *

बॅटरीच्या सेलना वायर काकांनी लावून दिली होती. म्हणाले, एवढं तरी करू दे. सगळं जग लाल वायर प्लसला लावतं, म्हणून मी लाल प्लसला जोडली. टच् असा आवाज झाला आणि जळका वास आला.

"लाल तर मायनस आहे," काका म्हणाले.

"लाल मायनसला कोण लावतं?"

"काळी संपली होती."

मी ओरडले. चार वर्षं शिकले, रंगांना अर्थ असतो, पद्धत नावाची गोष्ट असते, तुमच्यामुळे गेम मेला! बाहेर उभी गिऱ्हाइकं आत बघायला लागली.

"मीटर लावून पाह्यचं असते," काका म्हणाले. "रंग काय पाह्यते? साडी घेऊन राह्यली का?"

त्यांचं बरोबर होतं. तेच सहन होत नव्हतं.

व्होल्टेज सांभाळणारा पार्ट जळला होता. पुढचं सर्किट वाचलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्या दिवशी काउंटरवर तसाच पार्ट दिसला, कुठल्या तरी जुन्या टीव्हीतून काढलेला.

"हा कोणी ठेवला?"

"तिथंच पडून होता," काका पंख्याशी बोलल्यासारखे म्हणाले.

* * *

शनिवारी दुपारी नवा पार्ट बसवून, दोनदा मीटर लावून, मी बटण दाबलं. स्क्रीन आधी निळा झाला. मग एक छोटं विमान आलं आणि वरून दगड पडायला लागले.

"काका, टेबल."

"थांब. पाहू तर दे."

डबा घेऊन ते आपल्या टेबलापाशी बसले. तासाभराने मी पुन्हा विचारलं.

"बॅटरी किती टिकते, ते पाहून राह्यलो."

आणखी एक तास गेला. चहावर साय आली. मी मागे उभी. जिंकूनसुद्धा काउंटरवरच!

तेवढ्यात भाजीवाल्या शांताबाई मिक्सी घेऊन आल्या. "भाऊ, फिरूनच नाई राह्यली. उद्या घरी पाव्हणे हाईत."

काकांनी मान वर केली नाही.

"भाऊ?"

काका उठले. डोळे स्क्रीनवर ठेवूनच त्यांनी स्टूल सोडलं, कोपराने स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडे सरकवला, आणि चाचपडत जाऊन माझ्या रीचार्जच्या खुर्चीवर बसले.

शांताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "हे पोरगी करते?"

"तेच करते," काका म्हणाले. "अन् जरा हळू बोला बाई, माह्याजवळ एकच विमान उरलं!"