अफूबाजाचा चेहरा

नाटक कंपनीतल्या रंगभूषाकाराला सगळे मास्तर म्हणत. चिडला तरी त्याचा आवाज चढत नसे. ब्रश तेवढा जोरात फिरे आणि समोरच्याला ते गालावर कळे. विशीतल्या पोराचा बघता बघता आजोबा करावा तर त्यानंच. नायकाची त्याच्याशी शाळेपासूनची गट्टी. त्याला मास्तरचं कौतुक होतं आणि त्याची टर उडवायचा हक्कही.

नव्या नाटकात नायकाला अफूबाज कवी रंगवायचा होता. भूमिका हाती आली आणि गड्याच्या डोक्यात अफूनं घरच केलं. धुराची वेटोळी, अर्धमिटले डोळे, आपोआप सुचणाऱ्या ओळी. उठता बसता तेच पुराण. रंगीत तालमीच्या दिवशी आरशासमोर बसून त्यानं जाहीर केलं, "रविवारी घेऊन बघणार. एकाशी बोलून ठेवलंय. अनुभव नको का?"

"मागच्या नाटकात खून केलास, तेव्हा कुणाला मारून आला होतास?" मास्तर म्हणाला.

नायक हसला. "एकदाच रे. चेहरा उतरला तर तू आहेसच की झाकायला."

मास्तरनं ब्रश खाली ठेवला. "तेवढं सांगू नकोस. माझ्या थोरल्या भावानंही एकदाच घेतली होती. मग आणखी एकदाच. आई गावाहून भेटायला येणार असली की तो माझ्यासमोर येऊन बसायचा. मी गालांना लाली द्यायचो, डोळ्यांखालचं काळं झाकायचो. आई म्हणायची, पोरगा बाळसं धरतोय. काम इतकं चोख, की तो जाईपर्यंत तिला काही कळलं नाही. कळलं असतं तर कान धरून घरी नेलं असतं तिनं त्याला."

नायकाला वाटत होतं, भाऊ तापानं गेला. इतक्या वर्षांची दोस्ती, पण हे त्याला ठाऊक नव्हतं.

"आता नीट बस," म्हणत मास्तरनं त्याचे ओठ सुकवले, पापण्या जड केल्या. "डोळे मिटून गोड हसू नकोस. नाक खाजव. सारखं. बोलता बोलता मान पडते, वाक्य अर्धवट राहतं आणि राहिलंय हेही कळत नाही. कविता कसल्या सुचतात, पोट साफ होत नाही म्हणून दिवसभर कुरकुर." हे सगळं तो करून दाखवत होता. इतका खरा अभिनय नायकानं जन्मात पाहिला नव्हता. तालीम सुरू व्हायच्या आधी त्यानं बाहेर जाऊन त्या माणसाला फोन केला आणि येणार नाही, पुन्हा विचारूही नकोस, असं सांगून टाकलं.

पहिल्या प्रयोगाला नाक खाजवत त्याची मान पडली आणि प्रेक्षागृह चिडीचूप झालं. मग टाळ्या थांबेनात. नायक आनंदानं धावतच रंगपटात आला. मास्तरनं त्याच्याकडे एकवार पाहिलं आणि कापूस घेऊन घाईघाईनं त्याचा चेहरा पुसायला लागला.

"अरे, अजून एक प्रवेश आहे माझा," नायक म्हणाला.

"माहीत आहे. पुन्हा लावून देतो," मास्तर म्हणाला. "आधी जरा तुला बघू दे."