परण्याच्या गाडीचा ब्रेक

ब्रेक दबंना. ह्यांनी पाय दिला, पुन्हा दिला, सीटवरून उठून दोन्ही पाय रोवले, तरी दबंना, दगडावर पाय दिल्यावानी. म्होरं उतार, उताराखाली बँजोवाले, नाचणाऱ्या बाया, आन् आमची गाडी चाललेली. मागं नवरदेव बाशिंग बांधून. माझ्या मांडीवर माझी पोरगी, नुकती पाऊल टाकाया लागलेली.

"हँडब्रेक वढ!" हे वरडले. "आगं वढ की, बघत काय बसली!"

दांडा आमच्या दोघांच्या मधी. ह्यांचा एक हात स्टेरिंगवर, दुसरा हॉर्नवर. माझे दोन्ही हात पोरीभवती.

आमचे मालक एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात जातेत, पण जीव सगळा त्या गाडीत. जुनी, लांब नाकाची गाडी. इंजनात काय काय बदललं, तवापासून ती उभ्या जागी धकधक करती, दुकानाच्या काचा हालत्यात. परण्याला, नवरदेव मारुतीला नेताना, लोकाला तेच पायजे. पण ब्रेकला लई जोर लागायचा, म्हणून ह्यांनी बूस्टर बसवला. बूस्टर मंजे एक डबडं. इंजन त्यातली हवा ओढून घेतं, त्या ओढीवर ब्रेक हलका होतो. अन् असल्या धकधक इंजनाला ओढच कमी.

मला कसं ठावं? मी भाकऱ्या थापीत होते आन् हे फोनवर कुणाला तरी सांगून राह्यले होते, "हळू चालताना तीनचारदा दाबला की ओढ संपती, मंग कडक होतो. वेगळा पंप लागंल. बघू, लगनसराई झाल्यावर."

मी इचारलं, "मंग तवर?"

"आठवी नापास, तू भाकर बघ. करपून राह्यली."

गिऱ्हाईक इचारायचं, गाडी जुनी, ब्रेकचं काय? हे म्हणायचे, "बायकू-लेकरू म्होरं बसवतो. आजून काय पायजे?" गिऱ्हाईक लगीच इसार द्यायचं. म्हणून दर परण्याला मी नटून म्होरल्या सीटवर, मांडीवर पोरगी.

त्या दिवशी गाडी मुंगीवानी चाललेली, दर पावलाला ब्रेक. उतार लागला तवर ओढ संपल्ती.

एका हातानं दांडा हालंना. मी पोरीला सोडलं. दोन्ही हातानं वढला. गाडी घासत गेली आन् शेवटच्या बँजोवाल्याच्या पाठीशी थांबली. पोरगी म्होरं आपटली. भुवई फुटली. ती आधी रडलीच न्हाई, नुसती माझ्याकडं बघून राह्यली.

ब्रेकचं कुणीच इचारलं न्हाई. एक बाई वाकून आत बघती आन् म्हणती, "आई हाय का कोण? सोडलं की लेकरू!" हे खाली उतरले, म्होरं गेले, रुमालानं बंपर पुसला. मंग सगळ्यांदेखत हसले, "हिला लेकरू धरता येत न्हाई, आन् गाडीत बसायची हौस!" नवरदेव पण हसला, म्हणला, "वाजवा रे!"

माझ्या पदरात रगत, आन् बँजो सुरू.

घरी सासूबाईंनी जखमेत हळद दाबली. पोरगी किंचाळली. "रड, बाई, रड. तुझ्या मायनं टाकलं तुला. तिलाच इचार, का टाकलं."

मंग दवाखान्यात भुवईला टाके घातले, ते आजून निघले न्हाईत, आन् उद्या पुन्हा परण्या हाय. पंप आलेला न्हाई. मी म्हणलं, मी बसणार न्हाई. ह्यांनी हात उचलला न्हाई, आवाज पण चढवला न्हाई. "नको बसू. पोरीला माझी माय घेऊन बसंल."

सासूबाई लगीच म्हणल्या, "बसते की. मी काय हिच्यावानी न्हाई. जीव गेला तरी लेकरू सोडायची न्हाई."

तेच तर! त्या सोडणार न्हाईत. मंग दांडा कोण वढणार? आन् थांबलीच न्हाई गाडी तर, म्होरच्या सीटवर माझी पोरगी.

मी हिरवी साडी काढून ठेवली. उद्या मीच बसणार. पोरगी शेजारी निजलीय, टाक्यावर हात घासती, मी तो हात धरून बसलेय. लेकरू धरलं तर म्होरची माणसं, सोडलं तर लेकरू. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?