पडद्यामागे बसून पाहिलेले सिनेमे

माझ्याजवळ सिनेमाचे किस्से किती साठलेत, ते मलाही ठाऊक नाही. एक सांगायला बसावं तर दुसरा मध्येच तोंड घालतो. आवडते सिनेमे विचारले की लोक नटनट्यांची नावं घेतात. मला नावं आठवत नाहीत. मला आठवतात पिंपळगाव राजा या आमच्या गावच्या तंबूत बसलेली माणसं, आणि सिनेमानं त्यांचं काय करून ठेवलं ते!

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेलं होतं आणि सिनेमा मुका होता. फिल्मच्या पेट्या रेल्वेनं खामगावला येत, तिथून बैलगाडीनं आमच्याकडे. दिवाळी झाली की सिनेमावाले शेटजी तंबू ठोकायचे. मी गावच्या शाळेत मास्तर. संध्याकाळी पडद्याशेजारी उभं राहून त्यावर उमटलेली वाक्यं मोठ्यानं वाचायची, हे माझं काम. पुरुष पडद्यापुढे बसत, बाया पडद्यामागे. मागूनही चित्र दिसावं म्हणून कापड पाणी मारून ओलं ठेवत.

*

पेटी वाजवायला देवळातले वामनबुवा होते. शेटजींनी त्यांना बजावलं, "बुवा, लढाई आली की जोरात वाजवा."

लढाई आली. बुवांना जोरात वाजवायचं म्हणजे आरतीच येत होती. त्यांनी ती सुरू केली, तशी पुढची रांग उठून उभी राहिली. मागचे ओरडले, "खाली बसा ना बे!" मग सूर ओळखीचा वाटला तसे तेही उठले. तिकडे मुंडकी उडत होती आणि इकडे अख्खा तंबू हात जोडून उभा!

दुसऱ्या दिवशी शेटजी म्हणाले, "बुवा, आज दुसरं काही वाजवा."

"लोकं मले प्रसाद मागून राह्यले," बुवा म्हणाले, "अन् तुम्ही दुसरं म्हणता?"

*

मशीन शेटजी स्वतः फिरवत. एकदा त्यांच्याकडून शेवटच्या दोन रिळांची अदलाबदल झाली. आधी आई मुलीच्या चितेपाशी रडली आणि मग तीच मुलगी अंगणात फुगडी खेळायला लागली. वाचता वाचता माझी बोबडी वळली. आता लोक तंबू डोक्यावर घेणार, असं वाटलं.

कोणी हसलंसुद्धा नाही. रघुजी नावाचा म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "वापस आली पोरगी."

त्या वर्षी गावातली पुष्कळ लेकरं पटकीच्या साथीत गेली होती. रघुजीची नातही गेली होती. खेळ संपल्यावर शेटजी ओशाळून म्हणाले, "उद्या बरोबर लावतो."

"काऊन?" रघुजी म्हणाला. "असंच राहू द्या."

तो सिनेमा आठ दिवस तसाच चालला. पुढच्या मुक्कामी, धामणगाव बढ्यालाही शेटजींनी तो तसाच लावला. नंतर मी एकदा तो सरळ क्रमानं पाहिला. मला अजिबात आवडला नाही.

*

शाळेत एक मुलगी डाव्या हातानं लिहायची. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मी तिच्या बोटांवर पट्टी मारली. दुसऱ्या दिवशी तिची आई वर्गात हजर.

"मास्तर, सिनेमातला राजा डाव्या हातानं तलवार चालवते. तुम्हीच बाजूले उभे असता. त्याले मारली का कधी पट्टी?"

मी म्हणालो, "अहो, तो उजव्या हातानं चालवतो."

"आम्ही रोज पाह्यतो. साऱ्या बायाइले विचारा."

पडद्याच्या मागून सगळंच उलटं दिसतं, हे मी तिला समजावू शकलो असतो. पण बाहेर आणखी पाच-सहा बाया उभ्या होत्या. त्या दिवसापासून मी पट्टी बंद केली. ती मुलगी माझ्या वर्गात सगळ्यात सुरेख अक्षर काढायची.

*

आता गोदूकाकू. विधवा, पंचेचाळिशी उलटलेली, नावावर दोन वावरं: एक विहिरीजवळचं, एक बरड, नुसतं खडकाळ. गावचे दौलतराव पाटील म्हणजे तिचे दीर. काकूचा अंगठा एका कागदावर घ्यायचा, म्हणून ते वर्षभर मागे लागले होते. काकूला वाचता येत नव्हतं आणि तिला तेच सलत होतं.

एका सिनेमात घरचे लोक सुनेला हाकलतात आणि ती ठाम उभी राहते. पडद्यावर अक्षरं आली, "मी या घरातून जाणार नाही!" समोर खुर्चीवर पाटील बसलेले. मी कच खाल्ली आणि वाचलं, "आपण म्हणाल तसं."

पडद्यामागून काकूचा आवाज आला, "मास्तर, तिचं तोंड तर नाही म्हणून राह्यलं!"

दुसऱ्या दिवशी पाटील आले नव्हते. मी खरं वाक्य वाचलं. खेळ सुटल्यावर काकूनं मला गाठलं. "काल हो, आज नाही? आता तुमच्या बोलण्यावर भरवसा नाही. मले अक्षर पाहाचं हाये."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणालो, "पाटी आणतो, शिकवतो."

"तुमची पाटी तुमच्यापाशी. मले पडदा पुरे."

ती दोन हिवाळे रोज आली. मी बोलायचो आणि ती माझा शब्द न् शब्द अक्षरांशी लावून पाहायची. शेजारच्या बाया सांगत, काकू तळहातावर बोटानं काही गिरवत असते.

*

शेवटी बरड वावर पाटलांना कसायला द्यायचं ठरलं. पाटील अर्जनविसाला, म्हणजे कागद लिहून देणाऱ्याला, घेऊन काकूच्या घरी आले. साक्षीला मी. अर्जनविसानं कागद वाचून दाखवला. मी स्वतः तो हातातसुद्धा घेतला नाही. पाटलांपुढे तेवढी छाती मला नव्हती, हे आज कबूल करतो.

पाटलांनी शाईची डबी पुढे सरकवली. "वहिनी, अंगठा."

"मले वाचू द्या," काकू म्हणाली.

अर्जनवीस हसला. काकूनं कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. तिला एक अक्षर लागेना. पाटील सौम्यपणे म्हणाले, "राहू द्या वहिनी. हे आपलं काम नाही."

काकू उठली. कागद घेऊन अंगणात गेली, उन्हाकडे तोंड करून उभी राहिली. लिहिलेली बाजू तिनं सूर्याकडे केली, कोरी स्वतःकडे. कागद वर धरला आणि उजव्या कडेवर बोट ठेवलं. बोट हळूहळू डावीकडे सरकायला लागलं.

"ब... र... ड," ती म्हणाली. बोट आणखी डावीकडे गेलं. "व... वि... ही... र."

तिनं बोट तिथंच दाबून धरलं. "भाऊजी, विहिरीचं वावर कोणं टाकलं यात?"

अर्जनवीस माझ्याकडे पाहायला लागला, मी जमिनीकडे. पाटील पायरी उतरून आले आणि त्यांनी हात पुढे केला. "चाला, द्या तो कागद इकडे."

काकूनं मान वळवली नाही.

"थांबा भाऊजी. खालच्या चार ओळी राह्यल्या."