स्वाती तामोरेचा पत्ता

घिवलीत लग्नाची पत्रिका छापायची असो की पोराचं नाव शाळेत घालायचं असो, पत्ता एका दमात लिहिला जातो: मुक्काम घिवली, अणुऊर्जा केंद्राजवळ. पोस्टमनला त्या केंद्राचा काडीचा उपयोग नाही. त्याला गावातला उंबरा न् उंबरा पाठ आहे. पण केंद्र उभं राहिलं त्या काळापासून गावाच्या मनात एक गोष्ट घट्ट बसलेली आहे. कधीतरी कुणी साहेब यादी काढील, आजूबाजूच्या घरांतल्या पोरांना नोकऱ्या देईल, आणि त्या दिवशी ज्याच्या कागदावर केंद्राचं नाव असेल त्याचा नंबर आधी लागेल. असं कोण बोललं, कधी बोललं, ते विचारू नका. विचारलंत तर म्हातारी माणसं तुमच्याकडे अशी बघतील की तुम्हीच ती यादी दडवून ठेवली आहे.

स्वातीचे वडील कमलाकांत तामोरे तिला पहिलीत घालायला गेले तेव्हा त्यांनीही तसंच लिहिलं. माणूस डोलीच्या जाळ्यावर आयुष्य काढलेला, अक्षर वेडंवाकडं, पण 'अणुऊर्जा केंद्राजवळ' हे दोन शब्द त्यांनी घोटून घोटून काढले. शाळेच्या दाखल्यावरून ते आधार कार्डावर गेले, आधारवरून पॅनकार्डाच्या अर्जावर, तिथून बँकेच्या पासबुकावर. यादी काही निघाली नाही. पत्ता मात्र पक्का झाला.

स्वाती आता एकतीस वर्षांची आहे. पालघरला रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाली आणि आठ वर्षांपूर्वी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत ठेकेदाराकडून लागली. हजेरीपटावर 'हेल्पर'. काम काय, तर कारखान्यातून बाहेर जाणाऱ्या पाण्याची तपासणी. सकाळी बाटल्या भरून आणायच्या, आम्ल किती, क्षार किती, रंग किती ते काढायचं, आकडे मांडायचे आणि खाली दुसऱ्याची सही घ्यायची. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा म्हणतात ना, तिचं उलटं होतं. हातात सोनं होतं आणि नाव कथलाचं.

गेल्या वर्षी जूनमध्ये प्रयोगशाळेच्या साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. परदेशातली गिऱ्हाइकं नोव्हेंबरात कारखाना तपासायला येणार होती. पाणी तपासणाऱ्या माणसाकडे त्यांना चालेल असं प्रमाणपत्र हवं होतं. हॉलंडमधली एक संस्था आठ आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स घेते, ते प्रमाणपत्र चालेल. साहेब म्हणाले, "कायम केमिस्टची एक जागा मंजूर आहे. तपासणीच्या आधी जो सर्टिफिकेट घेऊन येईल, त्याची."

कायम! हा शब्द घिवलीत तीन पिढ्यांनी नुसता ऐकला होता. स्वातीने त्याच रात्री अर्ज भरला, आठवड्याने संस्थेचं उत्तर आलं. निवड झाली, वीस ऑगस्टपर्यंत चारशे दहा युरो भरा, एक सप्टेंबरला वर्ग सुरू. पैसे तिच्याकडे होते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मासेमारांची पोर म्हटली की लोक लगेच गरिबीची गोष्ट समजून सुस्कारे सोडायला लागतात. ही गरिबीची गोष्ट नाही. पैसे होते, तिच्या नावावर होते, तिच्या घामाचे होते. ते देशाबाहेर जात नव्हते, एवढंच.

तिचं कार्ड साधं. संस्थेच्या पानावर नंबर घातला की लाल अक्षरं यायची. चार वेळा घातला, चार वेळा लाल. फोनवरून भाजीवाल्याला दहा रुपये एका क्षणात जातात, पण हॉलंडवाल्यांकडे स्कॅन करायला आपला क्यूआरचा चौकोन नसतो. क्रेडिट कार्ड मागायला गेली, तर ठेकेदाराच्या माणसाला ते मिळत नाही. कंपनीच्या अकाउंट्सवाल्यांनी हात वर केले, खाजगी शिक्षणाचे पैसे कंपनीच्या खात्यातून जात नाहीत म्हणाले. शेवटी ती अर्धी रजा टाकून बोईसरच्या शाखेत गेली.

काउंटरवरच्या बाई चांगल्या होत्या. हे पण सांगायला हवं, कारण या गोष्टीत वाईट माणूस शोधायला जाल तर हात हलवत परत याल. बाईंनी परदेशी पैसे पाठवायचा फॉर्म काढून दिला, पॅनकार्ड पाहिलं, संस्थेचं पत्र पाहिलं.

"कशासाठी पाठवताय?"

"शिक्षणासाठी. पाण्याचं रसायनशास्त्र."

"हं. बाहेर पैसे पाठवायची वर्षाची मर्यादा फार मोठी आहे, तुम्ही तिच्या आसपासही नाही. पत्ता नीट लिहा हं, पासबुकावर आहे तसाच. तो पुढे जातो."

स्वातीने नीट लिहिला. घिवली, आणि मग ते दोन शब्द, मोठ्या इंग्रजी अक्षरांत. बारा ऑगस्टला पैसे खात्यातून गेले. ती घरी पेढे घेऊन आली.

तिच्या शेजारच्या टेबलावर विपुल काम करतो. धुळ्याकडचं घर, वडील कंपनीत आले तेव्हापासून बोईसरला. स्वातीहून सहा वर्षांनी लहान, पोरगा सरळ, कामात थोडा घाईचा. त्याचा अर्ज स्वातीनेच भरून दिला होता. तुम्ही म्हणाल, जागा एक आणि ही दुसऱ्याचा अर्ज भरत बसली? होय, बसली. तिला वाटलं, सर्टिफिकेट दोघांनी घेतलं तर आठ वर्षांची माणूस आधी बघतील. विपुलचे दाजी अबूधाबीला असतात. त्यांच्या कार्डावरून विपुलची फी चहा निवायच्या आत भरून झाली.

सतरा तारखेला बँकेतून बाईंचा फोन आला. पैसे हॉलंडला पोहोचले नव्हते. मधे एक परदेशी बँक असते, सगळे पैसे तिच्यातून जातात, तिने अडवून ठेवले होते आणि तीन प्रश्न पाठवले होते. पाठवणाऱ्या व्यक्तीच्या पत्त्यातल्या अणुकेंद्राशी तिचा काय संबंध? पाण्याच्या रसायनशास्त्राचं हे ज्ञान कुठे वापरलं जाणार? आणि केंद्राशी संबंध नसल्यास तसा पुरावा.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जे दोन शब्द नोकरी आणतील म्हणून लिहिले, त्यांनीच दार लावून घेतलं. गावातल्या कुणाला त्या केंद्राने शिपाई म्हणूनही विचारलं नाही, आणि समुद्रापलीकडे कुठेतरी टेबलाशी बसलेल्या कुणा माणसाला मात्र घिवलीची स्वाती तामोरे त्या केंद्राची खास व्यक्ती वाटली. मला यात हसू येत नाही. तिला त्या दिवशी आलं होतं, बँकेतच, मोठ्याने, आणि बाईंनी तिला पाणी दिलं.

पुरावा कुठून आणायचा? आपलं कुणाशी तरी नातं नाही याचा कागद कोण देतं? कमलाकांत म्हणाले, "ग्रामपंचायतीत जा. त्ये लिवून देतील." ग्रामसेवकाने खरंच लिहून दिलं. चांगल्या भाषेत, शिक्का मारून: सदर महिलेचा उक्त केंद्राशी कोणताही संबंध नाही. स्वातीने कागद हातात घेतला आणि वर पाहिलं. ग्रामपंचायतीच्या छापील कागदाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत होतं: ग्रामपंचायत घिवली, अणुऊर्जा केंद्राजवळ.

"भाऊ, वरचा ह्यो शब्द काडता येल?"

"छापील हाय ताई. हजार कागद छापून पडलेत."

तो कागद तिने तसाच बँकेत दिला. बाईंनी वाचला, वरची ओळ वाचली आणि स्कॅन करून पुढे पाठवला.

मधल्या काळात स्वातीने विपुलला विचारलं, दाजी माझीही फी भरतील का. तिला कुणाकडे मागायची सवय नाही, पण विचारलं. विपुलने तिच्यासमोर दाजींना फोन लावला. दाजी म्हणाले, मेव्हण्याचं केलं ते ठीक, पण परक्या माणसाचे पैसे माझ्या कार्डावर नकोत, इथे नियम कडक आहेत. दाजींचं तरी काय चुकलं? प्रत्येकाचा आपापला नियम होता आणि सगळे नियम बरोबर होते. सगळ्या बरोबर नियमांच्या मधोमध ही एक बाई उभी होती. संस्थेला तिने पत्र लिहिलं, त्यांनी गोड उत्तर पाठवलं की पाच दिवस वाढवून देतो. पाच दिवस गेले. एक सप्टेंबरला वर्ग सुरू झाला आणि वीस जणांत तिचं नाव नव्हतं.

पुढचे दोन महिने कसे गेले ते ती कुणाला सांगत नाही, पण मी शेजारचा, मला सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत विपुल डबा बाजूला सारून मोबाइल पुढे करायचा. "ताई, हे जरा बघ ना. ही गाळाची आकडेमोड कशी करायची?" आणि ती समजावून द्यायची. तो कोर्स तिने असा दुसऱ्याच्या मोबाइलवर, डब्याच्या झाकणावर बोटाने आकडे काढत, सबंध शिकून घेतला. मी विचारलं, राग नाही आला? म्हणाली, "आला ना. पन पोराचा काय दोष? आनि खरं सांगू, मला त्ये शिकायचंच होतं."

ऑक्टोबरच्या शेवटी विपुल पास झाला. नोव्हेंबरात गिऱ्हाइकं आली, तपासणी झाली, विपुल कायम झाला. साहेबांनी स्वातीला बोलावून सांगितलं, "तुझं काम मला ठाऊक आहे गं. पण कागद लागतो." हे सांगताना त्यांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं नाही, एवढी लाज त्यांच्यात होती. आता आकडे स्वाती काढते आणि खाली सही विपुल करतो.

त्याच आठवड्यात पैसे परत आले. मधल्या बँकेचं उत्तर एका ओळीचं होतं: समाधानकारक पुरावा न मिळाल्याने व्यवहार रद्द. अडवून ठेवल्याची फी तेवढी कापून घेतली होती. बाईंनी तिला बाजूला घेतलं, आवाज खाली आणला. "स्वाती, एक सांगू? पत्ता बदल. बोईसरचा कुठलाही साधा पत्ता लाव. मग बघ."

बोईसरला ठकीमावशीची खोली आहे. दुसरी पाळी असली की स्वाती तिथेच राहते. मावशीने भाडेपत्र करून दिलं, आणि डिसेंबरात आधार कार्ड बदललं, मग पासबुक. खोली नंबर अमुक, स्टेशनच्या पूर्वेला, बोईसर. घिवली कुठेच नाही. जानेवारीत संस्थेची पुढची तुकडी निघाली. तिने तोच फॉर्म घेतला, तीच संस्था, तेच पाण्याचं रसायनशास्त्र, तेच नाव, आणि पत्ता नवा. सोमवारी पैसे निघाले, बुधवारी हॉलंडला पोहोचले. कुणी एक प्रश्न विचारला नाही.

त्या रविवारी ती घिवलीला गेली. कमलाकांत ओट्यावर जाळं सांधत बसले होते. तिने नवं आधार कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला, एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं, मग कार्ड उलटं करून मागच्या बाजूला पाहिलं. तिथेही गावाचं नाव नव्हतं.

"आनि पैशे?"

"ग्येले. दोन दिवसांत."

"मंग जागा तुला?"

"जागा नोव्हेंबरातच भरली, बाबा. विपुलची झाली. सांगितलं हुतं ना तुमाला."

कमलाकांतांनी कार्ड मांडीवर ठेवलं. त्यांचा आवाज चढला. या माणसाला मी आयुष्यात मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं, पण त्या दिवशी शेजारच्या बाया दारात आल्या. "जागा नाय, काय नाय, मंग गाव कशाला काडलास कागदावरून? वरातीमागून घोडं कशाला नाचवलंस?"

स्वाती ओट्याच्या खाली उभी होती. म्हणाली,

"खोट माझ्यात हाय का पत्त्यात, त्ये बघायचं हुतं, बाबा. माझ्यात काय नवती. गाव खोडला, पैशे ग्येले."