सहीसाठी साठ मैल

मी सायकल शिकलो तेव्हा माझे वय एकोणतीस होते, आणि वर्गात मी मुलांना काळ, काम व वेगाची उदाहरणे घालीत असे. हा विरोध आमच्या शाळेतील चित्रकलेच्या शिक्षकांना फार आवडला. सायकल त्यांची आणि शिकवणीही त्यांचीच. नारायणगुड्यातल्या मैदानावर ते मागची सीट धरून पळत आणि ओरडत, "मास्तर, हँडलाकडं कायकू बघताय जी? ते कुठं पळून चाललंय? समोर बघा!" पंधरा दिवसांत मला सायकल चालवता येऊ लागली, उतरताही येऊ लागले, चढणे मात्र साधले नाही. चढण्यासाठी मला पायाखाली एखादा दगड, पायरी किंवा ओटा लागे. ही उणीव हळूहळू भरून काढू, असे मी ठरवले होते. तेवढी सवड मिळाली नाही.

हैदराबाद राज्याचे तीन भाग होऊन तेव्हा जेमतेम दोन-तीन महिने झाले होते. कोणता कर्मचारी कोणत्या राज्याच्या वाट्याला येणार, याच्या तात्पुरत्या याद्या निघत होत्या. शिक्षकांच्या खोलीत कोणी शांतपणे वह्या तपाशीत नसे. लोक उठत, खिडकीपाशी जात, परत येऊन बसत. माझे मूळ गाव परभणीकडचे, म्हणून माझे नाव मराठवाड्याच्या, म्हणजे मुंबई राज्याच्या, यादीत होते. त्यात अन्याय काहीच नव्हता. पण माझी पत्नी त्याच महिन्यात इथल्या मुलींच्या शाळेत कायम झाली होती, आणि तिची जागा हैदराबादेतच राहणार होती. यादी पक्की झाली असती, तर लग्नाच्या तिसऱ्या वर्षी आमची दोन बिऱ्हाडे झाली असती. उपाय एकच होता. 'मला येथेच ठेवावे' असा विनंतीअर्ज शाळा तपासणाऱ्या इन्स्पेक्टरसाहेबांच्या शेऱ्यानिशी आणि सहीनिशी सोमवारी अकराच्या आत मोठ्या कचेरीत पोचायला हवा होता.

शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर मी कोठी भागात साहेबांच्या कचेरीत गेलो. खोलीला कुलूप होते आणि चपराशी बाहेरच्या दाराला कुलूप घालण्याच्या बेतात होता.

"साहब दौरे पर गए हैं क्या?" मी विचारले.

"हौ, गए ना परसों. चौटुप्पल को."

माझे शिक्षण निजामाच्या काळातले, उर्दूतून झालेले. व्याकरणात मला पैकीच्या पैकी गुण असत. परसों म्हणजे परवा; आज शनिवार, म्हणजे गुरुवार. दौरा साधारण आठवडाभर चालतो, म्हणजे रविवारी साहेब चौटुप्पलच्या डाकबंगल्यात असणार. हे गणित मी कचेरीच्या पायऱ्या उतरता उतरता केले. त्यात चूक सापडली नाही, म्हणून ते पुन्हा तपासले नाही.

दुपारची प्रवासी मोटार निघून गेली होती. रविवारची पहिली मोटार तिथे साडेनऊला पोचे, आणि दौऱ्यावरचे अधिकारी आठलाच बाहेर पडतात. चौटुप्पल तीस मैल. मी कागदावर मांडले: ताशी आठ मैल, दर सहा मैलांनी पाच मिनिटे विश्रांती, पहाटे साडेतीनला प्रस्थान.

पत्नीने तो कागद वाचला. "अहो, आजवर तुम्ही लांबात लांब कुठं गेलात सायकलवर?"

"सिकंदराबादेला."

"आणि परत?"

"परत येताना थोडं चाललो."

तिने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधली, अर्ज मेणकापडात गुंडाळला आणि माझ्या कोटाच्या आतल्या खिशात घालून तो खिसा वरून दोऱ्याने टाचला.

घराच्या पायरीवरून मी सायकलवर चढलो. कोठी, मग चादरघाटचा पूल, मग मलकपेठ. शर्यतीच्या मैदानाजवळ घोडे फिरवायला काढले होते. त्यांच्या टापांनी दचकून मी जवळजवळ गटारात गेलो. वस्ती संपल्यावर वारा सुरू झाला. थंडीच्या दिवसांत तो पूर्वेकडून येतो आणि मला पूर्वेकडेच जायचे होते. मी केलेल्या आखणीत वारा धरलेला नव्हता. हयातनगरला पोचलो तेव्हा मला अर्ध्या तासाचा उशीर झाला होता.

दर सहा मैलांनी विश्रांती हेही साधले नाही, कारण जिथे थांबेन तिथे पुन्हा चढायला उंचवटा लागे. मैलाचे दगड त्यासाठी उत्तम. मात्र काही दगड शेतात कलंडलेले होते आणि काहींवर कोणीतरी कपडे वाळत घातले होते. एकदा दम लागला तरी दगड येईना, म्हणून मी पुढचा दीड मैल तसाच रेटला. दुसऱ्यांदा मोरीच्या कठड्यावरून चढताना तोल गेला आणि मी भाताच्या रिकाम्या खाचरात पडलो. ताडाच्या झाडावरून एक माणूस मडकी घेऊन उतरत होता. त्याने वरूनच विचारले, "एक्कडिकि सार?"

कुठे चाललात, एवढे तेलुगू मला समजे. "चौटुप्पल!"

त्याने खाली येऊन सायकल उभी केली, पुढचे चाक गुडघ्यांत धरून वाकलेले हँडल सरळ केले आणि मी चढेपर्यंत सीट धरून ठेवली. पंतोजीला कोणी सीट धरून सायकलवर बसवते आहे, याची एरवी मला लाज वाटली असती. त्या दिवशी मला फक्त वाजले किती, एवढेच हवे होते.

डाकबंगल्यावर पोचलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. व्हरांडा झाडलेला, खुर्च्या उलट्या ठेवलेल्या. पागोटे बांधलेला म्हातारा चौकीदार समोर आला.

"साहब निकल गए?" मी धापा टाकत विचारले.

"कौनसे साहब?"

"मदरसों के. इन्स्पेक्टर साहब."

"वो? वो तो परसों आए थे."

"हाँ, परसों. यानी गुरुवार को. अब कहाँ हैं?"

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "गुरुवार? नक्को साब. दसरे के पहले आए थे. दो दिन रहे, गए."

"आपने अभी परसों कहा!"

"हौ, परसोंच बोला. दसरे के पहले." त्याने हात मागे झटकला, जणू दसऱ्याअगोदरचा सगळा काळ तिथे अंगणात टाकला. "वो तो मलकपेठ में रहते ना, रेस के मैदान के पीछे. मैंच उनके घर सीताफल पहुँचाया था."

तेव्हा माझ्या ध्यानात आले. या शहराच्या बोलीत परसों म्हणजे होऊन गेलेला कोणताही दिवस. चपराशी खोटे बोलला नव्हता. साहेब चौटुप्पलला गेले होते, हे खरेच होते. सात वर्षे मी हैदराबादेत राहिलो, पण मराठी शेजार, मराठी शाळा आणि पुस्तकातले उर्दू यांच्या आतच राहिलो. शब्दाचा अर्थ मला ठाऊक आहे की नाही, हे तपासण्याची वेळच आली नव्हती.

चौकीदाराने पाणी दिले. मोटारीची वाट पाहावी, असे त्याचे म्हणणे. एक मोटार आली. टपावरही माणसे होती आणि ती थांबली नाही. दुसरी केव्हा येईल, हे तो सांगू शकेना, आणि सांगितले असते तरी त्याच्या वेळेवर आता माझा विश्वास नव्हता. बसून राहणे मला जमेना. दशम्या उभ्यानेच खाल्ल्या आणि बंगल्याच्या पायरीवरून चढलो.

परतीला वारा पाठीशी होता. तरीही वीस मैलांनंतर तळहात सुन्न झाले, आणि मांड्या मी सांगेन ते ऐकेनाशा झाल्या. तीन चढांवर उतरून चाललो. वाटेत दोनदा साखळी उतरली. ती बसवताना काळे झालेले हात कोटाला लागू नयेत, म्हणून मी ते रस्त्याच्या मातीत घासले. सारखा खिसा चाचपीत होतो. साहेब घरी नसले तर? असूनही भेटले नाहीत तर? मैलाचे आकडे उतरत होते, आणि प्रत्येक आकड्याबरोबर ही भीती कमी होण्याऐवजी वाढत होती.

मलकपेठेत घर सापडले तेव्हा पाच वाजायला आले होते. साहेब तापाने आजारी होते. शाल पांघरून ओसरीवर बसले होते. म्हणून तर त्यांच्या खोलीला कुलूप होते.

"मास्टर साहब, ये क्या हाल बनाया?"

मी सगळे सांगितले. परसोंची गोष्ट ऐकून ते खोकेपर्यंत हसले. मग त्यांनी अर्ज वाचला आणि माझ्या उर्दूवरील प्रभुत्वाच्या ओळीवर बोट ठेवले. "उर्दू में महारत, आपने लिखा है?"

"जी. इम्तिहान के हिसाब से लिखा था."

"हूँ." हसू संपले होते. "सही तो मैं कर दूँगा, वो मेरा काम है. शेरा अलग चीज़ है. सबकी बीवी यहाँ है, सबकी माँ बीमार है. किसके लिए लिखूँ, किसके लिए नहीं?"

 वर्गात उत्तर न आलेला मुलगा जमिनीकडे पाहतो, तसा मी खाली पाहत राहिलो. माझ्या उजव्या बुटाचा तळ सुटला होता. त्यांनीही तो पाहिला असावा. मग त्यांनी शेऱ्याच्या जागी चार ओळी लिहिल्या, सही केली आणि शाई वाळेपर्यंत कागद स्वतःजवळच ठेवला.

रस्त्यावर आल्यावर मी कागद उघडला. उर्दूच, पण इतके घसटून लिहिलेले, की सही आणि तारीख सोडून मला एक शब्द लागला नाही. परत आत जाऊन विचारण्याचे धैर्य झाले नाही. मलकपेठेपासून घरापर्यंत सायकल हाताने ढकलीत आणली. पत्नीने दिव्याखाली कागद तिरपा करून पाहिला.

"चांगलं लिहिलंय का?"

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"लिहिलंय एवढं खरं."

सोमवारी साडेदहाला मी अर्ज दिला. कारकुनाने शेरा वाचला, माझ्याकडे एकदा पाहिले आणि शिक्का मारला. पुढचे तीन आठवडे मी वर्गात खडू हातात घेऊन, काय लिहायचे होते ते विसरत असे.

मग हुकूम आला: अर्जदारास पुढील आदेश होईपर्यंत हैदराबाद येथेच ठेवण्यात येत आहे. त्या संध्याकाळी आम्ही दोघे पुष्कळ हसलो. पण पुढील आदेश केव्हा होणार, हे कोणी सांगू शकत नव्हते. म्हणून आम्ही मोठे कपाट घेतले नाही, भिंतीत खिळे ठोकले नाहीत, आणि टपालवाला दारात थांबला की दोघेही एकदम उठत असू. मी निवृत्त झालो तेव्हाही पुढील आदेश आलेला नव्हता.