मुलाची भारी बॅग

हिमवंत पर्वत ज्याचा मातामह, त्या गजाननाला प्रथम वंदन करतो. विषय बर्फाचा आहे आणि नातीचाही आहे. ज्याचे आजोळच बर्फात, त्या देवाला दोन्ही कळतील. प्रसंग एवढाच, की गेल्या फाल्गुनात माझ्या नातीसाठी बर्फाच्या डोंगरावर वाहून न्यायची एक हलकी बॅग निवडायची होती. त्या निवडीत माझ्या हातून एक चूक झाली आणि तिच्यामुळे एक जुनी चूक उघडी पडली. ती लिहून ठेवतो.

कृष्णाकाठच्या पाठशाळेत मी चाळीस वर्षे व्याकरण आणि छंद शिकवले. माझा एकुलता मुलगा परदेशी, कॉर्क शहराजवळच्या रिंगास्किडी गावातल्या एका औषधकारखान्यात अभियंता होता. दर मार्चमध्ये तो कारखान्यातल्या मित्रांबरोबर आल्प्सला जाई. तेथे रोपवे असूनही ही मंडळी स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून स्वतःच्या पायांनी डोंगर चढत, आणि माथ्यावर पट्ट्या सोडवून घसरत खाली येत. "अरे, मग चढायचंच कशाला?" असे मी एकदा विचारले होते. तो हसून म्हणाला, "अण्णा, तुम्ही पायरीपायरीने गड चढता आणि देवळात दोन मिनिटं थांबता, तसंच हे."

दीड वर्षापूर्वी तो आजारपणात गेला. डोंगराने त्याला काही केले नाही. जे केले ते त्याच्या स्वतःच्या रक्ताने केले. सूनबाईंनी कॉर्कचे घर सोडले, ब्लँचर्डस्टाउनला रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम धरले आणि जवळच ओंगारला घर घेतले. मीही तेथेच राहायला आलो. संध्येच्या संकल्पात मी आता गोदावरीच्या जागी इथल्या लिफी नदीचे नाव घेतो, लिफीच्या उत्तर तीरी. पहिले काही दिवस जीभ अडखळे. आता अडखळत नाही, याचे वाईट वाटते.

नात एकोणीस वर्षांची. मराठी तिला जवळजवळ सगळी समजते. उत्तर मात्र येते ते इथल्या आयरिश हेलाच्या इंग्रजीत. येथे मी ते मराठीत लिहितो आहे. यंदा तिच्या बाबांच्या जुन्या मित्रांनी तिला आपल्याबरोबर बोलावले. त्यांच्यातल्या म्होरक्याने यादी पाठवली: बॅग तीस लिटरची, रिकामी असताना एक किलोच्या आत, स्की बांधायला पट्टे, आणि फावडे व लांब सळई यांसाठी वेगळा कप्पा, कारण बर्फाखाली माणूस गाडले गेले तर सामान उपसत बसायला वेळ नसतो. सूनबाईंनी दुकानात तशी एक बॅग राखून ठेवायला सांगितली.

परंतु हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, माझ्या मुलाची निळी बॅग होती. नातीने ती बाहेर काढली आणि जाहीर केले, "मी हीच नेणार."

सूनबाईंनी ती स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवली. काटा पुरला नाही. मग अंगाच्या वजनकाट्यावर ठेवली: सव्वादोन किलो, आणि तीही रिकामी. जाड कापड, पाठीला ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, सतरा चेन.

"तिचा गुडघा गेल्याच वर्षी दुखावलाय, अण्णा," सूनबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "रोज हजार मीटर चढायचं असतं. दमलं माणूस की उतरताना पडतं. माझं ऐकत नाही. तुमचं ऐकते. तुम्ही सांगा."

मी सांगितले. नातीला समोर बसवले, बॅग दोन्ही हातांनी उचलून पाहिली आणि शक्य तितक्या गांभीर्याने म्हणालो, "बाळ, ही बॅग फार भारी आहे."

तिचा चेहरा उजळला. "खरंच, आजोबा?" म्हणून तिने माझ्या गळ्यात हात टाकले आणि वर पळाली. मला वाटले, किती समजूतदार मुलगी!

संध्याकाळी सूनबाई कामावरून आल्या त्या दारातूनच म्हणाल्या, "अण्णा, मी तुम्हाला काय सांगितलं होतं? तिने दुकानातली बॅग रद्द केलीय. म्हणते, आजोबांनाही बाबांचीच आवडली!"

मला काही उलगडेना. मग हळूहळू उलगडले. माझा मुलगा प्रत्येक गोष्टीला भारी म्हणत असे. आमटी भारी, पाऊस भारी, मुलीने काढलेले वेडेवाकडे घर भारी. त्या मुलीला हा शब्द जगात फक्त त्याच्याच तोंडून मिळाला. भारी म्हणजे जड, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

आणि मी? मी त्याला त्या शब्दासाठी आयुष्यभर टोकले होते. "भारी म्हणजे जड. उत्तमाला उत्तम म्हणावं. संस्कृत शिकवणाऱ्याच्या घरात ही बाजारू भाषा नको." शेवटच्या वर्षी फोनवरसुद्धा. तो पलीकडून हसे आणि म्हणे, "अण्णा, तुमचं रागावणं भारी असतं." अगदी शेवटी माझ्याशी बोलताना तो हा शब्द गाळू लागला. मी ते सुधारणेचे लक्षण मानले.

आता तिला अर्थ सांगणे माझ्याकडे आले. न सांगावे तर ती ते ओझे घेऊन डोंगर चढणार. सांगावे तर तिच्याजवळ उरलेला बापाचा शब्द मीच काढून घेणार. शनिवारी मी तिला म्हटले, "चल, मला ते दुकान दाखव." बसच्या वरच्या मजल्यावर, पुढच्या काचेपाशी बसून मी सांगितले.

तिने तोंड माझ्याकडे वळवले. मग विचारले, "म्हणजे बाबा मला भारी म्हणायचे, ते... मी त्यांना जड व्हायचे?"

असा प्रश्न मला पाठशाळेत कोणी विचारला नाही. उत्तरासाठी मी सवयीने छंदाकडे वळलो. "आमच्या छंदात अक्षरं दोन प्रकारची. लघु म्हणजे हलकं. गुरु म्हणजे..." आणि मी तेथेच थांबलो.

"गुरु म्हणजे?"

"गुरु म्हणजे जड," मी म्हणालो. "आणि ज्याच्या पाया पडायचं, तोही गुरुच. एकच शब्द."

चाळीस वर्षे मी फळ्यावर हे लिहिले. जे जड तेच पूज्य, हे पोरांकडून घोकून घेतले. आणि माझा मुलगा घरात नेमके तेच बोलत होता, तेव्हा त्याला अडाणी ठरवले. हे त्याला सांगायला हवे होते. सांगायला आता तो नाही.

नातीने माझा हात धरला. "रडू नका, आजोबा. लोक बघतायत."

दुकानातल्या वयस्क माणसाने बॅगांत वाळूच्या पिशव्या भरून दिल्या आणि तिला दुकानाचा जिना चढायला लावले. एक बॅग नऊशे ग्रॅमची, पण कमरेचा पट्टा सुतळीसारखा बारीक. वजन सगळे खांद्यावर येई. दुसरीचा फावड्याचा कप्पा हातमोजे घालून उघडेना. तिसरी साडेनऊशेची, पांढरट राखाडी. ती घालून नात चार वेळा चढली, उतरली आणि म्हणाली, "हीच." तो माणूस माझ्याकडे वळून म्हणाला, "ग्रँड!" येथे ठीकठाक चहालाही ग्रँडच म्हणतात. त्याच्या वडिलांनी त्याला कधी टोकले नसावे.

ती गेली. चौथ्या दिवशी दुपारी डोंगरातल्या निवाऱ्यावरून तिचा फोन आला. वारा होता, आवाज तुटत होता.

"आजोबा, गुडघा ठीक आहे. बॅग कळतच नाही पाठीवर. आजोबा, इथे..." पुढचे तिने मराठीत सांगितले, "भारी आहे."

मी म्हणालो, "भारी."

आयुष्यात प्रथमच म्हणालो. तिला ते ऐकू गेले की नाही, ठाऊक नाही. फोन तुटला होता.

निळी बॅग मी पुन्हा कपाटात ठेवली नाही. दर गुरुवारी ती पाठीला लावून बटाटे आणि कणीक आणतो. पट्टे त्याच्या खांद्यांच्या मापाचे आहेत, माझ्यावर ती लोंबते. सूनबाई म्हणतात, "अण्णा, आवळून घ्या ना." मी अजून आवळलेले नाहीत.

वाचणाऱ्याचे आणि त्याच्या घरच्यांचे कल्याण असो. आपल्या पाठीवरचे ओझे गजानन लघु करो, आपल्या घरात गुरु असेल ते गुरुच राहो, आणि लेकरे ज्या शब्दांत आनंद सांगतात, ते शब्द वेळेवर ऐकण्याची बुद्धी तो आपल्याला देवो.